रामरामाची रेस

शहागंजच्या मागल्या गल्लीत आधी धूर आला, मग जीप आली आणि सगळ्यांत शेवटी पुंजारामचा आवाज आला.

"राजकुमारभाऊ, तुमचा भवरा मेला बघा पुन्हा."

टर्बोचार्जरला पुंजाराम भवरा म्हणायचा. देवगाव रंगारीचा हा माणूस. बापजाद्यांनी मेंढरं हाकली, ह्यानं वडाप हाकलं. बोलायचाही तसाच, दूरच्या मेंढराला हाळी दिल्यासारखा, मग ऐकणारा हातभर अंतरावर का असेना. त्याचा आवाज ऐकून राजकुमार एका टेम्पोखालून सरपटत बाहेर आला. धूर निळा होता. निळा म्हणजे तेल जळतंय. तेल जळतंय म्हणजे भवरा खरंच मेला. त्याला उठून उभं राहावंसं वाटेना. तो तसाच जमिनीवर बसून राहिला.

"मरा?" गॅरेजचे मालक मकदूम उस्तादांनी विचारलं. उस्तादांचे गुडघे गेले होते. ते एका जुन्या जीपच्या सीटवर बसायचे. सीट विटांवर ठेवलेली, तिचा पट्टा बाजूला लोंबत असायचा. तिथून हलायचे ते फक्त नमाजाला आणि जेवायला.

"बघतो, उस्ताद."

"क्या देखता? मैं सुना ना. मैयत का आवाज है वो."

इंजिन निवल्यावर राजकुमारनं हवेचा पाइप सोडला आणि टर्बोच्या दांड्याचं टोक दोन बोटांत धरून हलवलं. चांगल्या टर्बोचा दांडा हलल्याचा नुसता भास होतो. हा हिरडीनं सोडलेल्या दातासारखा डुगडुगत होता.

"मेलाय," तो म्हणाला.

पुंजाराम त्याच्या शेजारी उकिडवा बसला. "पयल्या खेपंला तुम्ही म्हणला तेलाची नळी बारीक व्हती. आता तर ही गाईच्या आचळाएवढी केली. मंग?"

राजकुमारनं दांडा पुन्हा एकदा हलवून बघितला.

वर ही जीप साधी नव्हती. म्हणजे जीप साधीच होती, जुनी डिझेल, भरल्या सीटा घेऊन वेरूळचा चढ चढताना धापा टाकणारी. दोन माणसं उतरून चालायला लागली की ती माणसंच आधी वर पोचायची, आणि वर जाऊन पुंजारामला हिणवायची. पण उस्तादांनी ती राजकुमारच्या हवाली करताना एक गोष्ट सांगितली होती: "ये गाड़ी तेरी. कौनसा टर्बो लगाना, कैसा बिठाना, सब तू. मैं हाथ नै लगाता. टिका तो खिड़की के पासवाला कोना तेरा, अपना बोर्ड लगा ले. नै टिका तो..." पुढचं उस्ताद बोललेच नाहीत, सुपारी चघळत राहिले.

पुढचं राजकुमारचा मेहुणा अभय बोलला. अभय एका ठेकेदाराकडं माणसं भरायचा. वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमनची जागा होती, आणि ती त्यानं सोमवारपर्यंत धरून ठेवली होती. तोच कारखाना. राजकुमारचं निम्मं आयुष्य ज्याच्या आत गेलं, त्याच्या बाहेर.

आत असताना तो टर्बोच बनवायचा. बनवायचा म्हणजे काय, त्याच्या वाट्याला एकच काम. दांड्याला लावलेले दोन पंखे मशीनवर चढवायचे, मशीन ते गरगरवणार, पडदा रंग दाखवणार. हिरवा आला, पुढं ढकल. लाल आला, जरा घास, पुन्हा चढव. हिरवा, पुढं. लाल, घास. सणावाराला घरी असला तरी सिग्नलवर लाल दिसला की त्याचा अंगठा घासायला शिवशिवायचा. इतके टर्बो हाताखालून गेले, पण एकही कुठल्या इंजिनावर बसलेला त्यानं पाहिला नाही, वाजताना ऐकला नाही. सनईला भोकं पाडणाऱ्यानं सनई कधी ऐकलीच नसावी, तसं. मग घासण्याचंही काम करणारं मशीन आलं. सुपरवायझर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "राजकुमार, पर्सनली घेऊ नको हां, ॲक्च्युअली हा मॅनेजमेंटचा कॉल आहे." मॅनेजमेंटचा कॉल आला, आणि राजकुमार घरी आला.

उस्तादांकडं तो स्वतःच्या पायानं गेला. जे आयुष्यभर हातात धरलं ते नेमकं काय करतं, एवढं तरी कळावं म्हणून. उस्तादांनी पहिल्या दिवशी एका मोडक्या टर्बोवर चमचा आपटत शिकवलं: "इंजिन सांस छोड़ता ना? वो मरा हुआ दम. लोगां उसकू फेंक देते. उस मरे हुए दम से ये पंखा घुमा. उसीच डंडे पे दूसरा पंखा, वो ताजी हवा अंदर ठूंसता. मुर्दे से जिंदे का काम कराना, येइच टर्बो. बाकी सब नट-बोल्ट."

बाकी सगळं नट-बोल्टच होतं, पण त्या नट-बोल्टांनी राजकुमारची पाठ मोडली. पुंजारामच्या जीपसाठी त्यानं आधी एका ट्रकचा टर्बो उचलून आणला. जेवढा मोठा तेवढा जोर, असा त्याचा हिशोब. उस्ताद हसून हसून खोकले. "बकरी पे हाथी की झूल डालरा ये." मोठ्या पंख्याला फिरवायला जिपड्याचा दमच पुरणार नव्हता, तो जागा होईपर्यंत चढ संपायचा. अगदी लहान घ्यावा तर लवकर जागा होतो, पण इंजिन जोरात पळायला लागलं की तोच त्याचा गळा आवळतो. इंजिन एका फेऱ्यात किती हवा पितं, कोणत्या वेगाला पितं, चढावर पुंजाराम कोणता गिअर टाकतो, हे सगळं मांडून त्यानं मधला एक टर्बो निवडला. इंजिनाला तो नीट टेकावा म्हणून मधल्या लोखंडी पट्टीचा नमुना त्यानं एका लग्नपत्रिकेतून कापला. भोकं पडली नेमकी वधूपित्याच्या नावावर. तेल आत नेणारी नळी, तेल परत खाली सोडणारी नळी. खालची कुठंही न वळता सरळ उतरायला पाहिजे, नाहीतर तेल तुंबतं. हे सगळं त्यानं केलं, पुन्हा केलं, चुकलं म्हणून परत केलं.

आणि जीप चढली. वेरूळचा चढ सगळ्यांना घेऊन चढली. पुंजारामनं वरनं फोन करून नुसती शिट्टी ऐकवली: "ऐका, सुईईई. भवरा बोलायला लागला." थोड्या दिवसांनी भवरा मेला. राजकुमारनं खोलला तर आतला दांडा आणि तो जिच्यात फिरतो ती कडी काळीठिक्कर, कोरड्यानं खरवडलेली. टर्बोचा दांडा लोखंडावर फिरत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल गेलं की संपलं. म्हणून त्यानं नळी मोठी केली, आतला माल नवा घातला.

आता दुसऱ्यांदा खोलला तर तेच. काळं, कोरडं, खरवडलेलं. त्यानं तेलाची नळी सोडून इंजिन चालू केलं. तेल भळाभळा आलं. त्यानं ते बोटावर घेऊन बघितलं. स्वच्छ होतं.

"उस्ताद, तेल तर येतंय."

"आता तो है."

"मग मरतो कशानं?"

"मेरेकू क्या पूछता," उस्ताद म्हणाले, "गाड़ी तेरी है."

घरी गेला तर अभय येऊन बसलेला. राजकुमारनं कपडेही बदलले नाहीत, भिंतीला टेकून बसला.

"दाजी," अभय म्हणाला, "खुर्ची हाय, पंखा हाय, वर छत हाय. गाडी आली, दांडा वर. गाडी गेली, दांडा खाली. डोक्याला ताप नाय. आता मी सायबाला किती दिवस थांबवू? सोमवारी उभं राहा म्हंजे झालं."

"बघतो."

"बघतो म्हंजे व्हय का नाय?"

करुणानं चहाचा कप राजकुमारच्या पुढ्यात सरकवला. "अहो, त्याला काय ते सांगून टाका. रोज येऊन बसतो, माझी साखर संपली."

"ताई, मी तुमच्या भल्याचंच..."

"माझं भलं मला कळतं. ह्यांचं ह्यांना कळू दे." मग ती राजकुमारकडं वळली. "पण एक सांगू का? गेटवर जायचं तर जा, नाहीतर गॅरेजात राहा. रोज असं मेलेलं तोंड घेऊन घरात येऊ नका. निशा विचारती, बाबा आजारी हायेत का."

राजकुमार आजारी नव्हता. गेटवर उभं राहायला लाज वाटत होती असंही नाही. काम ते काम. पण आपण आयुष्यभर ज्याच्यावर हात फिरवला ते आपल्याला कधी कळणारच नाही, ह्या विचारानं त्याला थकवा आला होता. झोपून उतरणारा थकवा नव्हता तो.

तिसऱ्यांदा टर्बो बसवला तेव्हा त्यानं सगळं पुन्हा तपासलं, आणि चालवून बघायला उस्तादांना शेजारी बसवून घेतलं. उस्ताद नको नको म्हणत होते, पण गल्लीतल्या दोघांनी धरून बसवलं तसे खूश झाले. दौलताबादच्या रस्त्याला जाऊन आले. चढाला टर्बो जागा झाला, उतारावर शांत झाला, शिट्टी स्वच्छ. उस्तादांनी सगळा वेळ डोळे मिटलेले, कव्वाली ऐकत असल्यासारखे. गल्लीत परत येऊन राजकुमारनं जीप शेडपुढं लावली, ॲक्सिलेटर दाबला, भर्रर्रुम, आणि बंद करायची खुंटी ओढली.

इंजिन थांबलं. टर्बोची शिट्टी मात्र थांबली नाही. ती एकटीच, बारीक होत होत, खाली येत राहिली.

उस्तादांनी डोळे उघडले. "क्या किया रे अब्बी?"

"काय केलं? बंद केली."

"उसके पहले."

"उसके पहले... लावली."

"लगाया और बंद किया, उसके बीच में."

राजकुमारला आठवेना. खरंच आठवेना.

"चालू कर," उस्ताद म्हणाले. "चलने दे थोड़ा. हौ. अब बंद कर."

राजकुमारचा हात खुंटीकडं गेला आणि त्याच क्षणी उजव्या पायानं, त्याला न विचारता, ॲक्सिलेटर दाबला. भर्रर्रुम. त्यानं पायाकडं बघितलं, दुसऱ्या कुणाचा तरी पाय आपल्या पँटीत निघावा तसं.

"मियां," उस्ताद हळू आवाजात म्हणाले, "पंखे कू पूरा भगाया, और भागते भागते तेल का नल बंद कर दिया."

इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद. आणि दांडा तर नुकत्याच दिलेल्या रेसनं भिंगरीसारखा पळत असतो. तो कोरडा फिरत राहतो, कडी खरवडत. पुंजारामही अशीच रेस देऊन बंद करायचा, एकदा नाही, प्रत्येक थांब्यावर. वडाप जीप किती ठिकाणी थांबते, ते राजकुमारला मोजायची गरज नव्हती.

"दम खाऊ द्यायचा आधी," तो स्वतःशीच म्हणाला. "हळू चालू ठेवायची, मग बंद करायची."

"वोइच तो. मैं बोला नै था तेरेकू?"

"नाय, उस्ताद."

"बोला हूंगा."

"नाय बोलला."

उस्तादांनी सुपारी दुसऱ्या गालात सरकवली. मग म्हणाले, "इत्ती मोटी बात कौन बोलके बताता? रोटी खाते वखत मुंह खोलना, ऐसा कोई बोलता क्या?"

राजकुमारला राग यायला पाहिजे होता. तेवढीही ताकद नव्हती. तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसून राहिला, आणि उस्तादांना उतरवायला कुणीच येईना म्हणून उस्तादही बसून राहिले.

घरी त्यानं हे सांगितलं तशी भामाबाई, त्याची आई, लसूण सोलता सोलता हसायला लागली. त्याचा बाप कडुबा एस्टीचा ड्रायव्हर होता.

"अरं, ती तर रामरामाची रेस. तुझा बाप गाडी डेपोत लावायचा ना, तवा अशी रेस द्यायचा, अशी द्यायचा, का समद्यांना कळायचं, आला कडुबा. सगळेच ड्रायव्हर द्यायचे. म्हणायचे, गाडीला रामराम केल्याबिगर उतरू नाय, सकाळी रुसती. तुझा बाप म्हणायचा, तुमचा रामराम तुम्ही करा, मी आपला जय भीम घालतो." तिनं पाकळी ताटलीत टाकली. "तू लहानपणी खाटंवर बसून तेच करायचा. तोंडानं. भर्रर्रुम, आणि मग उतरायचा. नाय केलं तर उतरायचाच नाय, मुतायला लागलं तरी."

करुणाला हसू आवरेना. राजकुमारही हसला, पण हसण्यानं त्याच्या बरगड्या दुखल्या. सगळा दिवस वाकून काम केलेलं होतं.

पुंजारामला हे पटवणं म्हणजे वेगळाच घाट.

"म्हंजे रामराम घालायचाच नाय?" तो म्हणाला. "मंग गाडीला कसं कळायचं का आपण थांबलो?"

"खुंटी ओढली की कळतं की."

"ते मरणं झालं. रामराम म्हंजे निरोप." पण तो चांगला माणूस होता. "बरं, तुम्ही म्हणता तर नाय घालत." असं म्हणून तो जीपमध्ये बसला, चालू केली, थोडा थांबला, खुंटीला हात घातला आणि भर्रर्रुम केलं. मग गुन्हेगारासारखा राजकुमारकडं बघायला लागला. "आपोआप झालं ते, भाऊ."

"मला ठाऊक हाय," राजकुमार म्हणाला. "माझंबी होतंय."

पुन्हा केलं, पुन्हा झालं. पुंजाराम बूट काढून अनवाणी बसला, तरी झालं. तेव्हा राजकुमारनं हात पुसले आणि शेजारच्या सीटवर चढून बसला.

"कुठं निघाले?"

"तुमच्याबरोबर. पाय शिकेपर्यंत."

सोमवार उजाडला तेव्हा राजकुमार वाळूजच्या गेटवर नव्हता. तो देवगावहून निघालेल्या जीपमध्ये पुढं बसलेला होता, आणि प्रत्येक थांब्यावर पुंजारामचा उजवा गुडघा मुठीत घट्ट धरत होता. मागं बसलेली राजाबाई, जी दर बाजाराला ह्याच जीपनं शहरात जायची, तिनं बराच वेळ हे बघून घेतलं.

"पुंजा, ह्या माणसानं तुझा गुडघा का धरलाय रं? मोडलाय का काय?"

"रामराम बंद केलाय म्हणं, मावशे. भवरा मरतो."

"कोण मरतो?"

"भवरा. इंजिनातला."

"मंग तुझा हातबी धर म्हणावं त्याला. मोड देताना तुझा हात लई जड व्हतो."

सगळी जीप हसली. पुढच्या थांब्यापासून मागच्या लोकांनीच सुरू केलं. जीप थांबली की मागनं ओरडा, "पुंजा, पाय." पुंजाराम चिडायचा. "माझा पाय हाय, का गावची चावडी?" पण पाय उचलायचा.

खुलताबादच्या वर, चढ चढून आल्यावर, जीप हळू हळू घुरघुरत उभी होती. तिला दम खायला वेळ द्यायचा, मग बंद करायची. पुंजाराम चहाच्या टपरीकडं आशाळभूत बघत होता. चढ संपला की बंद करून चहा, हा त्याचा रिवाज. तेवढ्यात राजकुमारचा फोन वाजला. अभय.

"दाजी, कुठं हाय तुम्ही? मी गेटवर उभा, सायेब आत."

राजकुमारनं समोर बघितलं. टर्बोची शिट्टी उतरत होती, आता ती ऐकायला कान लावावा लागत होता.

"अभय, ती जागा दुसऱ्याला दे."

"काय म्हणता? मी शब्द टाकलाय. तुम्ही निघा तर, मी सांभाळतो तोवर."

"नाय येत. एकाच्या गुडघ्यावर हात हाय माझा. सोडता येत नाय."

मग अभय म्हणाला, "ताईला फोन लावू का मी?"

"लाव," राजकुमार म्हणाला आणि फोन ठेवला. त्याला मोकळं वाटलं नाही. हा भवरा मेला तर आता गेटही नव्हतं.

टर्बोची शिट्टी पुरती विरली होती. त्यानं मान हलवली. पुंजारामनं खुंटी ओढली, पाय हवेत धरून. जीप गपकन गप्प झाली. कुठलीही शिट्टी मागं उरली नाही.

"लई सुनं वाटतंय," पुंजाराम म्हणाला आणि चहाला गेला.

सुगी आटोपेपर्यंत जीप येत-जात राहिली. राजकुमार आठवडाभरच बरोबर हिंडला. नंतर राजाबाई आणि मंडळींनी ते काम हाती घेतलं, आणि ते त्याच्यापेक्षा कडक निघाले. मग एका दुपारी उस्तादांनी पुंजारामला बोलावून घेतलं. जीप शेडपुढं आली, घुरघुरली, थांबली. राजकुमारनं पाइप सोडला आणि बाजूला झाला. त्याला स्वतः बघायचा धीर नव्हता.

गल्लीतल्या दोघांनी उस्तादांना धरून आणलं. त्यांनी दांड्याचं टोक बोटांत धरलं, वर केलं, खाली केलं, ओढलं, ढकललं. मग बोट पुसलं.

"हौ," ते म्हणाले.

"हौ म्हंजे काय, उस्ताद?"

"हौ बोले तो हौ." ते सीटकडं वळले. "वो कोना साफ कर ले. उधर गिअरबॉक्स पड़ा है, उसकू पहले हटा. मेरेकू नै हटता."

राजकुमार खिडकीजवळ गेला. गिअरबॉक्स त्याच्यानंही हलेना. त्यानं दोनदा जोर लावला, मग त्याच्यावरच बसला. आनंद झाला होता बहुतेक. पण तो लांबून, ट्रकच्या टर्बोसारखा, उशिरा जागा होणार होता. आत्ता फक्त पाय दुखत होते. करुणाला फोन करावा म्हणून मोबाईल काढला, तर समोर एक माणूस येऊन उभा.

"टर्बो बसवणारे तुम्हीच का? मी सखाराम, गंगापूरहून आलो. पुंजारामची जीप बघितली, म्हटलं आपलीबी करावी. माझी जुनी डिझेल कार हाय, उसाच्या गाड्यांच्या मागं अडकली की पुढंच निघता येत नाय."

राजकुमारनं मोबाईल खिशात ठेवला. "करू. आधी एक सांगा, गाडी बंद कशी करता?"

"बंद कशी करता म्हंजे?" सखारामला ही चेष्टा वाटली. "चावीनं."

"करून दाखवा."

सखारामनं आधी उस्तादांकडं बघितलं, मग राजकुमारकडं. हे लोक शुद्धीवर आहेत ना, असा चेहरा करून तो गाडीत बसला. गाडी चालू केली, राजकुमारवर नजर ठेवून चावीला हात घातला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा भर्रर्रुम केला.

"झालं ना?" तो म्हणाला.

राजकुमार गिअरबॉक्सवरून उठला, पलीकडून दार उघडून त्याच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "परत चालू करा. आणि ह्या खेपेला पायाकडं बघा."